चारशे ग्रॅम आषाढ

॥ श्री ॥

भोपाळ,
गुरुपौर्णिमा, १० जुलै २०२५

ती. आजोबांना,
सोनिकाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आज सकाळी गुरुप्रसाद सरांच्या पाया पडले. पण पहिले गुरू थाटीपुरात खुर्ची टाकून बसले आहेत, म्हणून हे पत्र. सीझन संपेपर्यंत सरांनी आम्हा सगळ्या मुलींचे मोबाइल जमा करून घेतले आहेत. तसा मोबाइल असूनही फायदा काय होता? आजी म्हणते की फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही आपल्या मनानं ऐकता. त्यापेक्षा चिठ्ठी बरी.

मोठी खबर अशी की मध्य प्रदेशच्या बॉक्सिंग संघाची निवड २३ जुलैला आहे. प्रत्येक वजनातून एकच मुलगी जाणार. माझं वजन चोपन्न किलोचं, त्यात आम्ही चौघी आहोत आणि त्यातल्या दोघींना मी आधी हरवलेलं आहे. संघात आले तर नॅशनलला जाईन. नाही आले तर हॉस्टेलमधली माझी जागा नव्या मुलीला देतील आणि मी बोरियाबिस्तर घेऊन घरी. सरांनी हे अगदी साफ सांगितलं आहे. बाबांना सांगू नका, ते इंदरगंजच्या ऑफिसात बसून टेन्शन घेतील.

आता आपला खेळ. खूप दिवसांत तुम्ही कल्पनेतली लढत लावली नाही. थाटीपुरचा भाजीवाला विरुद्ध इंदरगंज चौराह्याचा ट्रॅफिक हवालदार, ही शेवटची. त्यात तुम्ही भाजीवाल्याला जिंकवलं होतं, कारण तो रोज ठेला ओढतो. या वेळी मी लावते. सोनिका कदम, वय एकोणीस, वजन चोपन्न, अनुभव बावीस लढतींचा, विरुद्ध सीमंतिनी ताई, वय एकतीस, वजन सत्तावन्न, अनुभव शंभराच्या वर. ही ताई इंदोरची, आपलीच मराठी, पोलिसात आहे. तिला चार वर्षांची मुलगी आहे. बाळंतपणानंतर परत आली तरी सत्तावन्न किलोत तिच्यासमोर कुणी नावच दिलेलं नाही, ती न लढताच संघात जाणार. मी तिला सराव करताना बघते तर बघतच राहते. आमची गाठ पडायचीच नाही, वजन वेगळं. पण पडली असती तर? खरं सांगा, बिलकुल लाड नकोत.

आणि दुसरी लढत तुम्हाला माहीतच आहे. मुकुंदराव कदम, म्हणजे तरुणपणीचे तुम्ही, वय तेवीस, पलटणीचे चॅम्पियन, विरुद्ध मी. लहानपणी तुम्ही खुर्चीत बसून तळहात पुढे धरायचा आणि माझ्या तिसऱ्या ठोशाला खुर्चीवरून गडगडत खाली यायचा. मी जिंकले म्हणून मोहल्लाभर सांगत फिरायचे. आता मला खरा निकाल पाहिजे.

आजीला सांगा की उद्यापासून इथे सावन लागतोय, मेसमध्ये तळलेलं बंद होणार. म्हणजे या वर्षीचं आषाढाचं तळण चुकलं. माझ्या वजनासाठी एकदम बढिया झालं.

तुमचा लोभ आहेच, तो वाढवावा. वजन मात्र कुणी वाढवू नये.

तुमची नात,
सोनिका

---

॥ श्री ॥

थाटीपुर, ग्वाल्हेर,
१८ जुलै

चि. सोनिकास आजीचे अनेक आशीर्वाद.

हा कागद डब्यात सगळ्यात वर ठेवते आहे. खाली गुळाच्या कापण्या आहेत, त्याखाली तिखटमिठाच्या पुऱ्या. कापण्यांना खसखस भरपूर लावली आहे.

तू लिहिलंस की सावन लागला. तो हिंदीवाल्यांचा लागला, बाळ. त्यांचा महिना पौर्णिमेला पालटतो आणि आपला अमावास्येला. शेजारची मिश्रीण सोमवारचे उपास धरून बसली आहे आणि माझी कढई अजून चुलीवर आहे. आपला आषाढ दिव्यांच्या अवसेपर्यंत चालतो. एवढी वर्षं ग्वाल्हेरात राहून या घरात दोन पंचांगं नांदतात आणि तुला एक दिसलं. सासरी गेलेल्या लेकीला आषाढाचं तळण धाडायची आपल्याकडे रीत आहे. तू सासरी नाही गेलीस, हॉस्टेलात गेलीस, पण पोर घरात नाही ती नाहीच. मैत्रिणींना दे, एकटी खाऊ नको.

तुझ्या आजोबांनी तुझं पत्र उशाशी ठेवलं आहे. रोज चष्मा लावून वाचतात, अंगणात उभे राहून हवेत दोन ठोसे मारतात आणि परत येऊन बसतात. मी विचारलं की साध्या पत्राचं उत्तर द्यायला इतका वेळ का? तर म्हणाले की पंचानं घाई करू नये. माझी आणि त्यांची लढत लावायची असेल तर मला कळव. त्या लढतीचा निकाल गेली पन्नास वर्षं एकच लागतो आहे.

जेवत जा. माया आहेच, ती डब्यात घालून धाडली आहे.

तुझी,
विजयाआजी

---

॥ श्री ॥

थाटीपुर, ग्वाल्हेर,
२० जुलै

चि. सोनिकास मुकुंदराव कदम यांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर सुधारलं आहे, मराठी बिघडली आहे. बढिया, बिलकुल आणि बोरियाबिस्तर एकाच पत्रात आले. असो, मजकूर समजला.

तू लाड नकोत असं लिहिलंस, तेव्हा लाड न करता सांगतो. सोनिका विरुद्ध सीमंतिनी, निकाल: सीमंतिनी. पाचही पंच तिच्या बाजूनं. का ते ऐक.

लढत लावताना मी तीन गोष्टी मांडतो. पहिली वजन. तीन किलो म्हणजे काय, असं तुला वाटेल. भाजीवाल्याकडून तीन किलो कांदे घे, पिशवी गळ्यात अडकव आणि तीन फेऱ्या नाचून दाखव. जड बाई नुसती तुझ्या खांद्यावर रेलली तरी तुझे पाय दमतात. ठोसा मारायचीसुद्धा गरज नाही.

दुसरी गोष्ट अनुभव. नव्या माणसाला वाटतं की अनुभवी माणसाला ठोसा कुठून येणार ते कळतं. तसं नाही. ठोसा कधी येणार नाही, हे त्याला कळतं. त्या वेळात तो शांत उभा राहून श्वास घेतो आणि आपण समोर उगाच उड्या मारत असतो. तुझ्या बावीस लढती आहेत. बावीस लढतींत माणूस घाबरायचं थांबतो, एवढंच.

राहिलं वय. ते तुझ्या बाजूला आहे, मान्य. पण तीन फेऱ्यांत वयाची पाळी येतेच कुठे? बारा फेऱ्या असत्या तर मी विचार केला असता. एकतीस हे काही वय नव्हे. मी शहात्तर पूर्ण केली, तरी मला अजून वयाचा काही विशेष त्रास नाही. तुझी आजी हे वाचून हसते आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तेव्हा चोपन्न किलोत नीट लढ आणि त्या बाईच्या वाटेला जाऊ नकोस. उतावळेपणा करशील तर मार खाशील आणि मला इथे जेवण जाणार नाही.

दुसऱ्या लढतीचा निकाल मी देत नाही. पंचानं स्वतःच्या लढतीत पंच होऊ नये, हा नियम आहे. शिवाय तू तीन वर्षांपूर्वी घर सोडलंस, त्यानंतर मी तुला रिंगमध्ये पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या मल्लावर बोलू नये.

घोडामैदान जवळच आहे. हात वर ठेव. आमचं प्रेम तुला ठाऊक आहे, ते मुद्दाम लिहायची आपल्या घरात पद्धत नाही.

तुझा,
आजोबा

---

॥ श्री ॥

भोपाळ,
२३ जुलै, रात्री

ती. आजोबा आणि ती. आजी यांना,
सोनिकाचे साष्टांग नमस्कार वि. वि.

आजोबा, तुमचं पत्र अजून आलेलं नाही. आजीचा डबा मात्र सोमवारी आला.

आजी, मला रागवायचं नाही. मी खरंच समजून चालले होते की सावन लागला म्हणजे आता डब्याचा धोका नाही. इथे दहा दिवस उकडलेली डाळ आणि काकडी चालू आहे. डबा उघडला आणि गुळाचा वास आला तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. माझी खोलीतली मैत्रीण अपर्णा म्हणाली की एक एक खाऊ. दुपारी सगळ्या झोपल्या तेव्हा आम्ही एक एक खाल्ली, मग परत एक एक. पुऱ्यांवर पाणी पण खूप प्याले. आज सकाळी काट्यावर उभी राहिले तर चोपन्न किलो चारशे ग्रॅम. चारशे ग्रॅम आषाढ!

मला रडू फुटलं. बाकीच्या मुली अशा वेळी प्लास्टिकचा कोट घालून पळतात, थुंकून थुंकून वजन काढतात. मीही कोट चढवायला लागले तर सरांनी तो ओढून घेतला. म्हणाले की माझ्या रिंगमध्ये सुकलेली मुलगी उतरणार नाही, घरी जायचं तर जा नाहीतर वरच्या वजनात नाव टाक, तिथे एकच नाव आहे. मी विचारलं की सर, तिथे सीमंतिनी ताई आहे ना? ते म्हणाले की आहे.

मला तुमची आठवण आली, आजोबा. वाटलं की तुमचं पत्र आलं असतं तर बरं झालं असतं, काय करायचं ते कळलं असतं. मग मी नाव टाकलं.

पहिली फेरी तिची. मी मारायला जायचे तर ती तिथे नसायची आणि मी श्वास घ्यायला थांबले की नेमकी असायची. दुसऱ्या फेरीत तिनं मला दोराला टेकवलं आणि नुसती अंगावर रेलली. माझे पाय असे भरून आले की वाटलं, बस, आता गडबड आहे. या फेरीत दोन-चार ठोसे मलाही बसवता आले, पण फेरी कुणाची ते सांगता येत नव्हतं.

मग कोपऱ्यात बसले. सर पाणी देत होते, काहीतरी सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी समोर बघत होते. घंटा झाली आणि ताई स्टुलावरून उठली. उठताना तिनं उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि त्याच वेळी प्रेक्षकांत कुणाकडे तरी बघितलं, जसं काही ती कुणाला शोधते आहे. आजोबा, तुम्ही अगदी असेच उठता. अंगणातल्या खुर्चीतून उठताना हात उजव्या गुडघ्यावर आणि नजर पेरूच्या झाडावर, म्हणजे आम्हाला वाटावं की तुम्ही पेरू बघताय. मी हे लहानपणापासून बघत आले आहे. मला एकदम कळलं की तिचा गुडघा दुखतो आहे आणि ते कुणाला दिसू नये अशी तिची इच्छा आहे.

तिसऱ्या फेरीत मी समोरून गेलेच नाही. फक्त तिच्या उजव्या अंगाला गोल गोल फिरत राहिले. दर वेळी तिला त्या गुडघ्यावर वळावं लागायचं आणि दर वेळी ती जराशी उशिरा वळायची. त्या उशिरात माझा डावा जायचा. एकदा, दोनदा, मग मी मोजणं सोडून दिलं. शेवटच्या घंटेला आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या होतो. पडू नये म्हणून.

तीन पंच माझ्या बाजूनं, दोन तिच्या. मी मध्य प्रदेशच्या संघात आहे, सत्तावन्न किलो!

ताई रडली नाही. नंतर मला शोधत खोलीवर आली आणि विचारलं की उजवीकडून फिरायचं कुणी शिकवलं? मी म्हटलं, आजोबांनी. खोटं नाही बोलले ना? मग तिला डबा दिसला. शेवटच्या दोन कापण्या तिनं उभ्याउभ्या खाल्ल्या आणि म्हणाली की इंदोरला खसखस इतकी लावत नाहीत. पुढच्या वर्षी ही जागा परत घेईन, असंही म्हणाली. मला ती फार आवडली.

सगळं अंग ठणकतंय आणि झोप येत नाहीये, इतका आनंद झाला आहे. दोघांचा लोभ असाच राहू द्या, आता तो सत्तावन्न किलोपर्यंत चालेल.

तुमची,
सोनिका

---

भोपाळ,
२६ जुलै

ती. आजोबांना, सा. न. वि. वि.

तुमचं २० तारखेचं पत्र आज मिळालं. पाचही पंच सीमंतिनीच्या बाजूनं. ट्रायलच्या आधी मिळालं असतं तर मी पायात बूट न घालता सरळ ग्वाल्हेरची गाडी पकडली असती. डाकवाल्याला मी पाणी विचारलं आणि उरलेली तिखटमिठाची पुरी दिली.

पत्र सांभाळून ठेवते आहे. तीन फेऱ्यांत वयाची पाळी येतेच कुठे, या ओळीखाली अपर्णानं लाल पेनानं रेघ मारली आहे.

लोभ ठेवा, आणि राग आला असेल तर तोही कळवा.

सोनिका

---

॥ श्री ॥

थाटीपुर, ग्वाल्हेर,
५ ऑगस्ट

चि. सोनिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. मी आधी धाकटं उघडलं, त्यामुळे काही वेळ मला काय चाललं आहे तेच कळेना. मग मोठं वाचलं. वाचून झाल्यावर तुझ्या आजीला वाचून दाखवायला लागलो, पण दुसऱ्या फेरीपाशी चष्मा पुसायला थांबलो, तेव्हा तिनं माझ्या हातातून घेऊन पुढचं स्वतः वाचलं. कापण्यांचा मजकूर आल्यावर तिनं कपाळाला हात लावला. चारशे ग्रॅमनी नातीची जागा घालवत होते, असं दिवसभर म्हणत होती. संध्याकाळपर्यंत त्याचं रूप पालटलं. आता कापण्यांमुळेच नात संघात गेली असं म्हणते आणि सीमंतिनीबाईंचा इंदोरचा पत्ता मागते.

पंचाचा निकाल चुकला. साफ चुकला. रेघ मारली ते योग्य झालं, मैत्रिणीला माझे आशीर्वाद सांग. गुडघ्याचं तू लिहिलंस ते मी परत परत वाचलं. मला वाटत होतं की घरात ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. शहात्तर वर्षांचा माणूस वयाला मोजायला विसरतो आणि एकोणीस वर्षांची पोर ते बरोबर मोजते, याला काय म्हणावं? मी लढती लावताना वयाला नेहमी कमी गुण दिले. का दिले ते तुझी आजी केव्हापासून ओळखून आहे.

गुरुप्रसाद सरांनी लढतीचं चित्रण तुझ्या बापाच्या, मोहितच्या मोबाइलवर पाठवलं. आता तो ऑफिसातून आला की दारातच मी मोबाइल काढून घेतो, तो रात्रीच्या जेवणाला परत करतो. आवाज बंद करून पाहतो, कारण तो मला तसाही लागत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजोबा म्हणून पाहिलं, त्यात काही दिसलं नाही, डोळे भरलेले होते. नंतर पंच म्हणून पाहिलं.

तेव्हा तुझी जुनी मागणी पुरी करतो. नियम मोडतो आहे, पण आता मल्ल पाहिलेला आहे. मुकुंदराव कदम, वय तेवीस, वजन सत्तावन्न, अनुभव साठ लढतींचा. सोनिका कदम, वय एकोणीस, वजन चोपन्न किलो चारशे ग्रॅम, अनुभव तेवीस लढतींचा.

पहिली फेरी तुझी. तू डावरी आहेस आणि आमच्या पलटणीत डावरे मल्ल फारसे नव्हते, मला तुझा डावा दिसायला वेळ लागला असता. तेवढ्यात तू दोन-तीन चांगले ठोसे लावले असतेस. दुसऱ्या फेरीत मला कळलं असतं की डावा मारल्यावर तुझा उजवा हात खाली येतो आणि तो परत वर न्यायला तू आळस करतेस. सीमंतिनीबाई दमल्या होत्या म्हणून वाचलीस. मी त्या उघड्या गालावर रोज दिवाळी केली असती. दुसरी फेरी माझी. तिसरी अटीतटीची. तू मला फिरवलं असतंस, पण तेवीसच्या मुकुंदरावाचे गुडघे ठणठणीत होते. शेवटी तीन पंच माझ्या बाजूनं, दोन तुझ्या.

मी जिंकलो असतो, सोनिका. थोडक्यात, पण जिंकलो असतो. खुर्चीवरून पडायचे दिवस आता संपले.

एवढं लिहून झाल्यावर एक गोष्ट लिहितो, जी लिहायची आपल्या घरात पद्धत नाही. मला तुझा अभिमान वाटतो. आमच्या घराण्यात तलवारी चालवणारे झाले, बंदुका चालवणारे झाले. हरण्याच्या भीतीनं कुणी मागे फिरलं नाही असं मी ऐकत आलो. या वेळी ऐकलं नाही, पाहिलं.

दसरा २ ऑक्टोबरला आहे. शस्त्रपूजेला पाटावर तलवार आणि माझे जुने ग्लोव्हज असतात. तुझे ग्लोव्हज पाठव, ते शेजारी मांडीन.

हात वर ठेव, उजवासुद्धा. माया आता लिहूनच टाकली आहे, ती जपून ठेव.

तुझा,
आजोबा

---

॥ श्री ॥

भोपाळ,
१४ ऑगस्ट

ती. आजोबांना, शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी हरले! अपर्णाला पत्र दाखवत हॉस्टेलभर नाचले. ती म्हणाली की ही मुलगी वेडी आहे, हरल्याचं पेढे वाटल्यासारखं सांगते. तिला काय कळणार. आयुष्यभर तुम्ही मला पहिल्या फेरीत जिंकवलंत आणि मला मनातून माहीत होतं की तो निकाल नातीला दिलाय. हा पहिला निकाल माझ्यासाठी आहे. तीन-दोन! तुमच्याविरुद्ध दोन पंच माझ्या बाजूनं! मी सरांना पण दाखवलं. त्यांनी उजव्या हाताबद्दलचा मजकूर दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या उजव्या काखेत टॉवेल धरायला लावतात. हात खाली आला की टॉवेल पडतो आणि टॉवेल पडला की मैदानाला चक्कर.

ग्लोव्हज पाठवता येत नाहीत, आजोबा. लढतीचे ग्लोव्हज आयोजकांचे असतात, घंटा झाली की काढून घेतात. त्या रात्री माझ्या हातावर माझं असं काही होतं तर आतल्या पट्ट्या. त्या पाठवते आहे. धुतलेल्या नाहीत. त्यांना शस्त्र म्हणता येत असेल तर बघा.

रीमॅच पाहिजे. तारीख तुम्ही ठरवा. तुमच्या पायांशी माझा नमस्कार आणि गुडघ्याला तेल.

तुमची हरलेली,
सोनिका

---

॥ श्री ॥

थाटीपुर, ग्वाल्हेर,
४ ऑक्टोबर

चि. सोनिकास आजीचे अनेक आशीर्वाद.

परवा दसरा झाला. तुझ्या पट्ट्यांवरून आमचं चांगलंच वाजलं. पाकीट उघडलं तर त्या वासानं मांजर उठून बाहेर गेलं. मी साबणात भिजवून गच्चीवर वाळत घातल्या. तुझ्या आजोबांना कळलं तेव्हा म्हणाले की लढाईचा घाम धुऊन टाकलास. मी म्हटलं की तुमची तलवार तुम्ही चिंच लावून घासता, तेव्हा घराण्याचं रक्त कुठे जातं? मग स्वतःच जाऊन पट्ट्या काढून आणल्या, मांडीवर ठेवून एकेक सुरकुती हातानं काढली आणि गुंडाळल्या.

पाटावर डावीकडे तलवार, उजवीकडे त्यांचे जुने ग्लोव्हज आणि मध्ये तुझ्या पट्ट्या. मध्ये का, असं मोहितनं विचारलं तर म्हणाले की जागा तिथेच होती. हळदकुंकू त्यांनी आधी तुझ्या पट्ट्यांना वाहिलं, मग तलवारीला. मी पाहिलं, मोहितनंही पाहिलं.

सीमंतिनीला मी कापण्या करून इंदोरला धाडल्या. आषाढ सरला होता, पण पोरगी उभ्यानं खाऊन गेली ते माझ्या मनाला लागलं होतं. तिचा फोन आला. लेकीला फार आवडल्या म्हणाली. गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत, सोनिकाला सांगा, असंही म्हणाली. तेव्हा सावध राहा.

आता तुला सांगायची गोष्ट. आजोबा पूर्वी खुर्चीतून उठताना पेरूच्या झाडाकडे बघायचे, ते तू बरोबर पकडलंस. हल्ली बघत नाहीत. गुडघ्यावर हात ठेवतात, सगळ्यांसमोर, आणि उठतात. कुणी हात द्यायला पुढे झालं तर घेतात. मला वाटायचं, हा दिवस मी कधी पाहणार नाही.

आणि दुसरी. दसऱ्याला विश्वासराव सोनं द्यायला आले होते. ते आणि तुझे आजोबा रोज सकाळी बागेत बसतात. त्यांनी मला इथल्या रीतीनं शमीची पानं दिली आणि म्हणाले की वहिनी, नातीचं कौतुक ऐकून ऐकून आम्हाला ती लढत पाठ झाली. मुकुंदराव रोज सांगतात की ऐन तेविसाव्या वर्षी मी हिच्यासमोर उभा राहिलो असतो तर दुसरी फेरी पाहिली नसती, पोरीनं मला झोपवलं असतं.

तुझ्या पत्रात तर त्यांनी तीन-दोननं स्वतः जिंकल्याचं लिहिलं होतं, मी डोळ्यांनी वाचलं आहे. विश्वासराव गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं की अहो, यातला खरा निकाल कोणता?

नेमकं तेवढं त्यांना ऐकू आलं नाही. दोनदा विचारलं. तुझ्या पट्ट्या पाटावरून उचलून घडी करत बसले होते आणि हसत होते.

नॅशनलला जाशील तेव्हा देवाला नमस्कार करून जा. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, त्याचं वजन होत नाही, तेवढं बरोबर घेऊन जा.

तुझी,
विजयाआजी